तीन डॉक्टर, तीन कारणं आणि पाय दोनच

पत्र (नाव न देता, थोडक्यात): वय ५८, पुरुष. डायबेटिस ११ वर्षं, मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी चालू. सिगरेट २५ वर्षं ओढली, ४ वर्षांपूर्वी सोडली. गेले आठ-नऊ महिने पाय दुखतात. चालताना उजवी पोटरी भरून येते, रात्री दोन्ही तळपायांची आग होते, सकाळी कंबर आखडलेली असते. एका डॉक्टरांनी एमआरआय बघून "मणक्यात नस दबलीय, ऑपरेशनचा विचार करा" सांगितलं, दुसरे म्हणाले "हे शुगरचं", तिसरे म्हणाले "रक्तवाहिन्या तपासून घ्या". झीज वाढेल या भीतीने यांनी चालणंच बंद केलंय. कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखतात असं ऐकलं म्हणून ती दोन महिन्यांपूर्वी स्वतःच थांबवली. पेनकिलर जवळजवळ रोज. घरचे म्हणतात वय झालं, हे असंच असतं. प्रश्न असे: "तिघांपैकी खरं कोण? ऑपरेशन करून एकदाचं मोकळं व्हावं का? आणि शूज कुठले घेऊ?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन वाचलं आणि तीन ठिकाणी खुणा केल्या, कारण वर तुम्ही "पाय दुखतात" एवढंच म्हटलंय पण खाली जे लिहिलंय ते मला एक दुखणं वाटतच नाहीये. चालताना भरून येणारी एक पोटरी, रात्री आग होणारे दोन्ही तळपाय आणि सकाळची आखडलेली कंबर. जागा वेगळी, वेळ वेगळी, थांबतं कशाने तेही वेगळं. आपण बोलताना हे सगळं एकाच पिशवीत भरतो आणि डॉक्टरांच्या टेबलावर ती पिशवी उपडी करतो, मग समोरच्याच्या हाताला आधी जे लागेल त्यावर तो बोलतो. त्याचीही चूक नाही म्हणा, त्याच्याकडे दहा मिनिटं असतात.

एक आधीच सांगते, मी फिजिओथेरपिस्ट आहे, पत्रावरून निदान करणार नाही आणि कुणी करूही नये. पण कुठे दुखतं, कधी दुखतं, कशाने वाढतं, कशाने थांबतं हे चार प्रश्न विचारण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, तेच तुमच्या पत्राला विचारून बघू.

"तिघांपैकी खरं कोण" यात तुम्ही एक गोष्ट धरूनच चाललायत, की कारण एकच आहे, म्हणजे एक जण बरोबर आणि दोघं चुकलेले. असंच असायला पाहिजे असं काही नाही हो. ११ वर्षांची शुगर, २५ वर्षांची सिगरेट आणि ५८ वर्षांचा मणका हे तिन्ही एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. तिघांनी आपापल्या बाजूने जे दिसलं ते सांगितलं असेल. म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा बदलून घेते, की यातलं आधी काय बघायचं. आणि माझं उत्तर आहे, पोटरी.

तुमच्याच पत्रातलं वाक्य आहे, "पाचेक मिनिटं चाललो की पोटरी दगडासारखी होते, नुसता उभा राहिलो तरी दोन-तीन मिनिटांत सुटते, परत तेवढंच चाललं की परत तेच." हे वाक्य तुम्ही पहिल्या डॉक्टरांना असंच्या असं सांगितलं होतं का? की तिथे गेल्यावर कंबर आणि एमआरआय एवढ्यावरच बोलणं झालं? कारण हे वर्णन पायाला रक्त कमी पोचण्याच्या दुखण्याशी फार जुळतं. चालायला लागलं की पोटरीच्या स्नायूला बसलेलं असतानापेक्षा कितीतरी पट जास्त रक्त लागतं. पायाकडे जाणारी धमनी आतून अरुंद झालेली असेल तर बसून असताना पुरतं, चालताना पुरत नाही, स्नायू आखडतो, दुखतो, तुम्ही थांबलात की त्याची मागणी उतरते आणि दुखणं जातं. म्हणून अंतर साधारण ठरलेलं असतं, आणि चढावर किंवा भरभर चाललं की ते अंतर कमी होतं.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, गुडघ्यासाठी. त्यांच्या बायकोची तक्रार वेगळीच होती, म्हणे हे चालताना सारखे थांबून मोबाईल बघत बसतात, दोन मिनिटंसुद्धा फोन सुटत नाही. मी त्यांना आमच्या पॅसेजमधून फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीला थांबले, फोन काढला, स्क्रीन बंदच होती. पोटरी दुखते म्हणून सांगायला लाज वाटायची म्हणून फोनचं नाटक चालू होतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. गुडघा राहिला बाजूला, त्यांना रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

आता गोंधळ इथे होतो की मणक्यातली जागा अरुंद झाली तरी चालताना पाय दुखतात, जड होतात, मुंग्या येतात. वरवर सारखंच. फरक थांबण्याच्या पद्धतीत असतो. मणक्याचं दुखणं नुसतं उभं राहून सहसा जात नाही, बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं, आणि बराच वेळ एका जागी उभं राहिलं तरी ते येतं. अशी माणसं ट्रॉली ढकलत, तिच्यावर रेलून, आरामात चालतात, सायकल चालवू शकतात पण उताराला बेजार होतात, कारण वाकलं की मणक्यातली जागा जरा मोकळी होते आणि उतरताना आपण मागे कलतो. धमनीवाल्याला वाकण्याचा काही फायदा नाही, त्याला फक्त थांबायचं असतं. तेव्हा पुढच्या वेळी पोटरी भरून आली की बसू नका, वाकू नका, कशाला टेकूही नका, ताठ उभे राहा आणि घड्याळ बघा. हे एवढं लिहून नेलंत तरी डॉक्टरांचं अर्धं काम होईल.

बाकीच्या अर्ध्या कामाला एक साधी तपासणी आहे, तिला एबीआय म्हणतात. घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजायचं आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. पट्टा तोच बीपीचा, जोडीला छोटा डॉप्लर (रक्त वाहताना त्याचा आवाज ऐकवणारं यंत्र), सुई नाही, इंजेक्शन नाही, झोपून राहायचं फक्त. १.० ते १.४ च्या मध्ये आलं तर साधारण ठीक, ०.९ किंवा त्याच्या खाली आलं तर पायाला रक्त कमी जातंय असं धरतात. डायबेटिसवाल्यांच्या बाबतीत एक गंमत असते (गंमत कसली, अडचणच), धमनीच्या भिंती कडक होऊन पट्ट्याने दबतच नाहीत, मग आकडा १.४ च्या वर जातो आणि रिपोर्ट 'छान' वाटतो. तसं झालं तर पायाच्या अंगठ्यावर प्रेशर मोजतात. हे तुम्ही विचारून घ्या, संकोच करू नका. आणि डॉक्टरांनी पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे बोटं ठेवून नाडी बघितली होती का आठवा. तुमच्या पत्रात एमआरआयच्या रिपोर्टबद्दल सात-आठ ओळी आहेत, पण कुणी मोजे काढायला लावल्याचा उल्लेख कुठेच नाही.

मी पोटरी पहिल्या नंबरवर ठेवली कारण ती नुसती पोटरी नसते. जो थर पायाच्या धमनीत साचतो तोच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असतो, त्यामुळे असं दुखणं असलेल्याला हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. घाबरवायला नाही सांगत, क्रम लावायला सांगतेय. तिसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं आधी ऐका.

आणि इथेच तुमच्या त्या बंद केलेल्या गोळीचा विषय येतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी, म्हणजे स्टॅटिनने, काही जणांचे स्नायू दुखतात हे खरं आहे. पण ते दुखणं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखं असतं, मांड्या, नितंब, पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत, गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत येतं, आणि गोळी थांबवली की काही आठवड्यांत उतरतं. तुमची एकच पोटरी दुखते, तीही चाललं तरच, आणि गोळी बंद करून दोन महिने झाले तरी जैसे थे. म्हणजे तुम्ही नकळत प्रयोग करून बसलात आणि प्रयोगाचं उत्तर आलंय की गोळीचा दोष दिसत नाही. उलट धमनीचाच प्रॉब्लेम निघाला तर ही गोळी तुम्हाला सगळ्यात आधी लागणार. डॉक्टरांना याच आठवड्यात फोन करून सांगा की मी बंद केली होती, परत सुरू करू का. ओरडतील थोडं. ओरडू दे.

आता एमआरआय. तुम्ही लिहिलंय "रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय डिस्क बल्ज, एल-४ एल-५". म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी जरा बाहेर फुगलेली. स्पष्ट लिहिलंय हे मान्य, पण रिपोर्टमध्ये दिसतंय आणि त्यामुळेच दुखतंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंबर-पाय काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांमध्ये डिस्क बल्ज होता. दुखत काहीच नव्हतं, तरीही. केस पिकतात तशी गादी दबते, फक्त केस पिकल्याचा रिपोर्ट छापून येत नाही म्हणून आपण त्याला घाबरत नाही.

मग एमआरआय वाया गेला का? तसं नाही. पण चित्रात जी नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नाही) दबलेली दिसते तिच्याच हद्दीत तुमची लक्षणं असायला पाहिजेत. नस दबल्याचं दुखणं नितंबातून मांडीमागून गुडघ्याच्या खालपर्यंत कळ मारत जातं, खोकलं-शिंकलं की झटका बसतो, बरोबर मुंग्या किंवा बधिरपणा असतो, कधी पंजा किंवा अंगठा वर उचलायला जोर कमी पडतो. घरीच बघा, टाचांवर चार पावलं चाला, मग चवड्यांवर चार पावलं (भिंतीजवळ, धरायला काहीतरी ठेवून). दोन्ही पायांना सारखं जमलं तर निदान ढोबळ ताकद तरी शाबूत आहे. तुमच्या पत्रात कळ नाही, झटका नाही, मुंग्या आहेत त्या दोन्ही पावलांना आहेत. सकाळची आखडलेली कंबर मणक्याची असेल, ती तासाभरात मोकळी होते असं तुम्हीच म्हणताय, पण सकाळी कंबर आखडते एवढ्यासाठी कुणी ऑपरेशन करून घेत नाही.

ऑपरेशनबद्दल मी विरोधात आहे असं समजू नका. ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, किंवा नस दबल्याची पायातली कळ सहन होत नसेल आणि काही आठवडे नीट उपचार करूनही उतरत नसेल आणि चित्र आणि लक्षणं जुळत असतील, तर ऑपरेशन चांगलं काम करतं. पण "एकदाचं मोकळं व्हावं" हे ऑपरेशनचं कारण होऊ शकत नाही, ते कंटाळ्याचं कारण आहे. आठ-नऊ महिन्यांनंतर कंटाळा येणारच, मला तो कळतो. फक्त विचार करा, मणक्याचं ऑपरेशन झालं, बरे होऊन घरी आलात, चालायला लागलात आणि पाचव्या मिनिटाला पोटरी परत दगड झाली तर? त्या सर्जनना एकच सरळ प्रश्न विचारा, "या ऑपरेशनने माझं कुठलं दुखणं जाईल, पोटरीचं, तळपायाचं की कमरेचं?" नीट डॉक्टर याचं नीट उत्तर देतात, आणि धमन्यांची तपासणी होईपर्यंत थांबायला त्यांची काही हरकत नसावी.

तळपायाची आग. दोन्ही पावलं, बोटांच्या टोकांपासून सुरू होऊन मोज्यासारखी वर चढत जाणारी, रात्री जास्त, पांघरूण लागलं तरी नको वाटतं, हे डायबेटिसने नसांना त्रास झाल्याचं अगदी नेहमीचं वर्णन आहे. म्हणजे दुसरे डॉक्टरही बहुतेक चुकलेले नाहीत. पण शुगरच्या नावावर सगळं ढकलण्याआधी बी-१२ तपासून घ्या, कारण बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं आणि ते कमी झालं तरी अशाच मुंग्या, अशीच आग होते, फक्त ते भरून काढता येतं. थायरॉइडही त्याच रक्तात बघून होईल. नसांची तपासणी म्हणजे काही भयंकर नसतं, नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवतात, तो वाकला की साधारण १० ग्रॅमचा दाब पडतो, तो कळतो का बघायचं. आणि ट्यूनिंग फोर्क म्हणजे कंप पावणारा धातूचा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात, थरथर कळते का बघायला.

एक गोष्ट मात्र आजच रात्री बघा. आग होत असताना पाय पलंगावरून खाली सोडला की बरं वाटतं का? विशेषतः उजवा? नसांच्या आगीला पाय लोंबकळत ठेवल्याने सहसा फरक पडत नाही. खाली सोडल्यावरच आराम पडत असेल, झोपलं की पावलात ठणका आणि बसलं की उतरतो असं असेल, तर आडवं झाल्यावरही पावलाला रक्त पुरत नाहीये असा त्याचा अर्थ असू शकतो. मग अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची घेऊ नका.

आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसणं, हीटिंग पॅड लावणं बंद करा कृपा करून. तुम्ही लिहिलंय की "चटका कमी जाणवतो म्हणून जरा जास्त गरम घेतो", हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. चटका कमी जाणवतो हेच तर लक्षण आहे! बधिर तळव्याला भाजलेलं कळत नाही, रक्त कमी असेल तर भाजलेलं भरत नाही, आणि शुगर असेल तर त्यात जंतू पटकन शिरतात. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, चीर, फोड, काळसर डाग काहीही दिसलं तर दाखवायचं. घरातसुद्धा अनवाणी नाही.

पेनकिलरवर दोनच वाक्यं. नसांच्या आगीवर ही नेहमीची दुखण्याची गोळी फारशी चालत नाही, त्यासाठीची औषधं वेगळी असतात आणि ती डॉक्टरच देतात, तर रक्त कमी पोचण्याच्या दुखण्यावरही ती इलाज नाही. मग डायबेटिस आणि बीपी दोन्ही असताना रोज घेऊन ती करतेय काय, तर किडनी आणि पोटावर ताण टाकतेय आणि बीपी वाढवतेय, तेव्हा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (दोन्ही किडनीच्या तपासण्या) एकदा बघून घ्या आणि नेमकी कुठली गोळी किती महिने घेतली हे डॉक्टरांना न लपवता सांगा.

चालणं. मला सगळ्यात वाईट याचंच वाटलं. "झीज वाढेल म्हणून" तुम्ही चालणं सोडलंत, पण पोटरीचं दुखणं धमनीचं निघालं तर चालणं हाच त्याच्यावरचा मोठा उपचार आहे, औषधांच्या जोडीने. पद्धत साधी आहे, पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पूर्ण उतरलं की परत चालायचं, असं करत सुरुवातीला तीसेक मिनिटं, मग हळूहळू वाढवत पाऊण तास-तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान १२ आठवडे. बरेच जण तीन महिन्यांनी आधीपेक्षा पुष्कळ लांब जातात. अरुंद झालेली नळी यातून रुंद होत नाही, पण आहे त्या रक्तात स्नायू जास्त चांगलं काम करायला शिकतो. मणक्यालाही चालण्याने तोटा नाही, शुगरला तर फायदाच. पण थांबा, लगेच शूज घालून निघू नका. आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या आणि तळव्याला कुठे जखम नाही ना ते बघून घ्या, मग सुरू करा. छातीत दडपलं किंवा धाप लागली तर तिथेच थांबायचं.

डॉक्टरांकडे जाताना ती जाडजूड फाईल न्या पण तिच्यावर एक पान वेगळं लावा. पावलापासून कमरेपर्यंत माणसाचं वेडंवाकडं चित्र काढा आणि तीन दुखणी तीन वेगळ्या खुणांनी त्यावर दाखवा, प्रत्येकापुढे केव्हा येतं आणि कशाने जातं एवढंच. खाली सगळ्या गोळ्यांची नावं, बंद केलेल्यासुद्धा. आणि चौथ्या, पाचव्या डॉक्टरांकडे जाण्याऐवजी तुमची शुगर बघणाऱ्या डॉक्टरांनाच म्हणा की ही सगळी सूत्रं तुम्ही हातात धरा, कुठल्या स्पेशालिस्टकडे केव्हा जायचं ते तुम्ही सांगा. आत्ता तिघं तीन दिशांना बोलतायत आणि मधे तुम्ही निरोप्या झालायत.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं लिहिते, कारण पाय दुखण्याची पत्रं इतकी येतात की वेगवेगळी उत्तरं देणं शक्य नाही. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, पाय उशीवर वर ठेवले की बरं वाटतं, निळ्या फुगलेल्या शिरा दिसतात, असं असेल तर धमनीचा नाही, शिरांचा विचार करा, पण घट्ट स्टॉकिंग्ज परस्पर घालू नका, धमनीत अडथळा असेल तर त्या स्टॉकिंग्जनी नुकसान होतं. (नुसती सूज असेल तर बीपीच्या गोळीचं नाव बघा, अॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात.) रात्री आडवं झालं की पायात शिवशिव, वळवळ होते, हलवल्याशिवाय राहवत नाही आणि उठून चाललं की थांबतं, त्याला दुखणं म्हणावं की काय हेच लोकांना कळत नाही, तिथे लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन बघायला सांगा, नुसतं हिमोग्लोबिन नाही. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं आणि चार पावलांनी कमी होतं, ते तळव्याच्या पट्ट्याचं. गुडघा दुखतो पण गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये काही नाही, आणि मोजे घालताना जांघेत अडतं, तर खुबा बघा, खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं. खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही, मांड्यांत जोर नाही, हाडं दाबली की दुखतात, तर डी व्हिटॅमिन. "कॅल्शियम कमी झालं असेल" म्हणून महिनोन्महिने गोळ्या खाणाऱ्यांना मात्र मी हात जोडते, पाय दुखण्याच्या कारणांत ते फार क्वचित असतं.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढ्या भागात आग आणि बधिरपणा असेल तर ते मला स्वतःला झालं होतं. मी आठवडाभर मणका मणका करत होते, मनातल्या मनात दोन-तीन मोठे आजार लावून झाले, आणि निघालं काय तर वजन वाढलं होतं आणि पँटचा पट्टा तसाच जुन्या भोकात घट्ट. जांघेपाशी एक नस दबत होती. पट्टा सैल केला, काही आठवड्यांत गेलं. फिजिओथेरपिस्ट असून!

काही गोष्टींना मात्र पत्र लिहीत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम आणि दुखरी, विशेषतः ऑपरेशन, प्लॅस्टर, लांबचा प्रवास किंवा बाळंतपणानंतर, तर शिरेत गुठळी असू शकते, चोळायचं अजिबात नाही, आणि बरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. पाय अचानक गार, पांढराफटक किंवा निळसर पडला, बधिर झाला, हलेना, तर पाय वाचवायला हातात काही तासच असतात. बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आणि लघवी अडणं किंवा सुटणं, हे मणक्याचं, तेही लगेच. पायाचं बोट काळं पडणं, न भरणारी जखम, ताप येऊन लाल गरम पाय. आणि हाडातलं असं दुखणं जे विश्रांतीनेही थांबत नाही, रात्री झोपेतून उठवतं, बरोबर वजन उतरतंय, ते तासाभरात नाही पण आठवड्याच्या आत दाखवाच.

घरचे "वय झालं" म्हणतात त्याबद्दल. तुमचे दोन्ही पाय एकाच वयाचे आहेत ना? मग पोटरी एकच का दुखते, विचारा त्यांना.

राहिले शूज. तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलंय, पण तुमच्या पायांसाठी तो फालतू प्रश्न नाही. दुपारनंतर किंवा संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात, सकाळी घेतलेला जोडा संध्याकाळी चावतो. उभं राहून मापा, दोन्ही पाय मापा, मोठ्या पायाच्या मापाचा घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पुढचा भाग रुंद, निमुळता नको, तळ जाड, आणि आत शिवणीची गाठ किंवा कडक कड नको. "वापरून सैल होईल" असं कुणी म्हणालं तर तो जोडा परत ठेवा, बधिर पायाला जोडा सैल होईपर्यंत फोड आलेला कळत नाही. मोजे शिवणीशिवायचे मिळाले तर बघा, नाहीतर उलटे घाला, काही बिघडत नाही. नवीन जोडा पहिल्या दिवशी तासभरच, मग काढून पाय बघायचा, लाल कुठे झालंय का. आणि रोज घालण्याआधी आत हात घालून बोटांनी चाचपायचं. माझ्या एका पेशंटच्या बुटात नातवाची प्लॅस्टिकची छोटी गाडी अर्धा दिवस होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.